जोडणीसाहेब आणि न बोलणारे रेडिओ

आमच्या जोडणीसाहेबांनी एखाद्या गोष्टीला पहिल्या फटक्यात "बरं" म्हटल्याचं ऐकलेला माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात सापडायचा नाही. समोरचा काहीही सांगो, भाजीचा भाव सांगो, औषधाचा डोस सांगो नाहीतर गाडीची वेळ सांगो, साहेब आधी चष्मा काढणार, शर्टाच्या टोकाने पुसणार आणि अगदी प्रेमाने विचारणार, "म्हणजे काय?" हा प्रश्न ते भांडायला विचारत नसत, हीच खरी पंचाईत होती. भांडखोर माणसाला चार उलट शब्द सुनावून मोकळं होता येतं. साहेबांना खरोखरच जाणून घ्यायचं असे, आणि उत्तर मिळेपर्यंत चष्मा पुन्हा नाकावर चढत नसे. त्यांच्या लग्नात गुरुजींनी 'नातिचरामि' म्हणायला सांगितलं, तेव्हा नवरदेवाने "म्हणजे नेमकं काय काय करायचं नाही?" असं विचारून विधी थांबवला होता, हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं. "आणि गुरुजींना काही केल्या सांगता येईना हो," वहिनी म्हणाल्या. "शेवटी माझे वडील पुढे झाले. म्हणाले, जावईबापू, पंगत खोळंबलीय. तेव्हा कुठे हो म्हणाले."

आमची कंपनी तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, दोन रंगांच्या कारखान्यांच्या मधे चेंगरून उभी आहे. आम्ही सैन्यासाठी वायरलेस सेट बनवतो. पूर्वीच्या सेटला जन्मभर एकच बोली यायची. आता सेटच्या पोटात कॉम्प्युटर असतो, त्यात नवा प्रोग्रॅम भरला की तोच सेट नव्या बोलीत बोलू लागतो. ह्याला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. तो सैनिकाने कसा वापरावा, ह्याची जाडजूड पुस्तकं लिहिणं हे माझं काम. साहेब मला 'लेखिकाबाई' म्हणत, आणि त्यात थट्टेचा लवलेशही नसे. त्यांचं स्वतःचं खातं होतं जोडणीचं. आमचा सेट दुसऱ्याच्या सेटशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी बोलता करायचा, म्हणून सगळ्यांनी त्यांना जोडणीसाहेब करून टाकलं होतं.

आमच्या धंद्यात माणसं शब्द वापरत नाहीत, शब्दांची आद्याक्षरं वापरतात. तीन अक्षरी, चार अक्षरी, मोठ्या कामाला सहा अक्षरी. एकच आद्याक्षरं तळमजल्यावर अँटेनाच्या एका भागासाठी आणि वरच्या मजल्यावर रजेच्या अर्जासाठी वापरली जायची, आणि दोन्ही मजले वर्षानुवर्षं सुखाने नांदत होते. ह्या सगळ्या गोतावळ्याचा कुलदेव म्हणजे 'इंटरऑपरेबल' हा शब्द. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट एकमेकांशी बोलू शकतात, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्याकडे हा शब्द हळदीकुंकवाच्या चिमटीसारखा प्रत्येक पानावर टाकायची रीत होती. मीही टाकत असे. पगाराचं काम आहे, कोण मान वर करून बघतंय? जोडणीसाहेब बघत. विक्री विभागाचे प्रमुख मोठ्या पडद्यावर रंगीत बाण दाखवत म्हणायचे, "आपला सेट पूर्णपणे इंटरऑपरेबल आहे," की कोपऱ्यातून चष्मा पुसल्याचा अंदाज यायचाच. "म्हणजे काय? कुणाशी बोलतो? काय बोलतो? त्याला उत्तर येतं का?" मग प्रमुख दुसरा एखादा जड शब्द देत. साहेब त्याचाही अर्थ विचारत. असं करत करत जेवणाची वेळ टळायची, कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या जवळ्याचा वास खोलीभर पसरायचा आणि आम्ही सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे आशेने बघत बसायचो. त्यांच्या शेजारची खुर्ची नेहमी रिकामी राहायची. उशिरा येणारी मी, त्यामुळे ती माझी.

घरीदारीही तेच. एकदा डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "थोडं टेन्शन कमी घ्या." साहेब तिथेच बसून राहिले. थोडं म्हणजे किती, कमी म्हणजे कशापेक्षा, आणि घ्यायचं हे आपल्या हातात असतं का, एवढं विचारून होईपर्यंत डॉक्टरांचाच रक्तदाब मोजायची वेळ आली. रिक्षावाला "इथेच आहे, जवळ" म्हणाला की हे खाली उतरून उभे. पण हाच माणूस बिघडलेल्या सेटपुढे बसला की आवाज मऊ व्हायचा. "बोल बाबा, काय होतंय तुला?" असं म्हणत कानाला हेडफोन लावून ते तासन्‌तास ऐकत राहायचे. सेटने अर्धवट उत्तर दिलेलं त्यांना चालायचं. माणसाने दिलेलं चालत नसे.

हे वेड आलं कुठून, ते मला त्यांच्या थोरल्या भावाकडून कळलं. हे भाऊ तळोज्याजवळच्या ओवे गावचे. मूळ शेतकरी घर, जमीन पुढे नव्या शहरासाठी गेली. एकदा पिशवीभर जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, घेऊन ते कारखान्याच्या फाटकाशी आले होते. साहेब मीटिंगमधे अडकलेले, म्हणून मी खाली गेले. पिशवीतल्या खडबडीकडे लक्ष ठेवून ते म्हणाले, "आजून नाय सुटला? आसंल कुनाला तरी इचारीत. बाई, आमच्या बापाकरं जमिनीची मान्सा यायची, मोठं मोठं सबूद बोलायची. बाप नुस्ती मान हालवायचा. ती गेली का ह्यो इचारायचा, बाबा, ती काय बोलली? बाप बोलायचा, मना काय म्हाईत. तवापासून ह्यो आसाच हाय." मग जरा थांबून म्हणाले, "आमी बी इचारायला पायजे व्हता. आमी नाय इचारला." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि ते आले तसे चालत गेले.

गेल्या वर्षी आमच्या सेटची मोठी चाचणी ठरली. दुसऱ्या एका कंपनीचा सेट आणि आमचा सेट ह्यांनी समुद्रावरून एकमेकांशी बोलायचं होतं. त्यांचा सेट द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या गच्चीवर, आमचा उरणच्या बाजूने भाड्याने घेतलेल्या मासेमारीच्या मचव्यात. आधी चार महिने नुसत्या मीटिंगा. आमचे लोक विचारायचे, "सिंक होतंय ना?" ते म्हणायचे, "होतंय. तुमचं?" आमचे म्हणायचे, "आमचंही होतंय." जोडणीसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "सिंक म्हणजे काय?" तेव्हा दोन्हीकडची माणसं हसली. इतकी वर्षं ह्या धंद्यात काढलेला माणूस सिंक म्हणजे काय विचारतो! आमच्या संचालकांनी त्यांना हलकेच खूण केली, आणि साहेबांनी चष्मा तसाच हातात धरून ठेवला.

चाचणीच्या दिवशी मी मचव्यात होते. पुस्तकात लिहायचं तर डोळ्यांनी बघितलं पाहिजे, म्हणून. आमचे दोन इंजिनियर, सैन्याचे एक अधिकारी, मचव्याचा नाखवा आणि मी. गुप्ततेच्या नियमामुळे सगळ्यांचे मोबाईल किनाऱ्यावर जमा झाले होते, नाखव्याचासुद्धा. जोडणीसाहेब गच्चीवर, त्या दुसऱ्या सेटपाशी. खाडीच्या तोंडाबाहेर गेल्यावर सेट सुरू केला. तयार असल्याचा हिरवा दिवा लागला. इंजिनियर बोलले. उत्तर नाही. पुन्हा बोलले. उत्तर नाही. अँटेना फिरवून झाली, बॅटरी बदलून झाली. दिवा मात्र हिरवागार. परत फिरायचं ठरलं तेव्हा कुणाचं तरी तुटलेलं जाळं पंख्यात अडकलं आणि इंजिन बंद पडलं. वाहत वाहत आम्ही गाळाकडे सरकलो, आणि ओहोटीचं पाणी आमच्या खालून निघून गेलं. मचवा एका कुशीवर कलला. ऊन रणरणत होतं. एक इंजिनियर ओकून ओकून पांढरा पडला होता. नाखवा सुरी घेऊन जाळं कापत होता. मधेच त्याने आमच्या सेटकडे पाहिलं. "सायेब, ह्याला बोला ना, पानी सरलाय म्हनून." अधिकाऱ्यांनी नकारार्थी मान हलवली. "नाय बोलत?" नाखवा म्हणाला. "मंग भरती येयाची वाट बगू. दुसरा काय."

आम्ही वाट बघत बसलो. पिण्याचं पाणी घोटाघोटाने फिरलं. ऊन कलायला लागलं तेव्हा दुरून एक छोटी होडी येताना दिसली. तिच्यात मधोमध एक माणूस उभा होता. होडीत असं उभं राहू नये, हे मलाही कळतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही हातांनी वल्हवणाऱ्याचा खांदा गच्च धरलेला. जोडणीसाहेब! पोहता येत नाही म्हणून कंपनीच्या सहलीत तळ्याच्या पायऱ्याही न उतरणारे. आमची हाक ऐकू येत नाही म्हणताना ते गच्चीवरून सेटवर बोलतच राहिले होते, आणि मग गच्चीवरून मचवा गाळात कललेला दिसला तेव्हा हेडफोन ठेवून सरळ धक्क्यावर गेले होते. तिथे होडीवाल्याला "मला तिकडे न्या" एवढंच म्हणाले, असं त्याने नंतर सांगितलं. जवळ आल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "सगळे आहात ना?" ते म्हणाले. "पाणी आणलंय. आधी त्या पोराला द्या." मग खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

भरतीने आम्ही सुटलो. घरी गेले, अंघोळ केली, कानातला गाळ दोन दिवस निघत होता. आणि चार दिवसांनी अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं की चाचणीत अंशतः इंटरऑपरेबिलिटी साध्य झाली. त्यावरच्या मीटिंगला दोन्ही कंपन्या, दोन्हीकडचे वकील. आमचा सेट सैन्याच्या नियमावलीप्रमाणे होता. त्यांचाही नियमावलीप्रमाणे होता. मग चूक कुणाची? समुद्राची, असंच ठरायच्या बेतात होतं. तेवढ्यात साहेब उठून उभे राहिले. ते मीटिंगमधे कधी उभे राहत नसत.

"अंशतः म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. "आमची पोरं मचव्यातून बोलत होती, मला ऐकू आलं नाही. मी गच्चीवरून बोलत होतो, त्यांना ऐकू आलं नाही. ह्यातला कुठला अंश झाला?"

"सर, हा भाषेचा प्रश्न आहे," वकील म्हणाले.

"तेच तर म्हणतोय," साहेब म्हणाले आणि खाली बसले.

त्या दुसऱ्या कंपनीच्या मुख्य इंजिनियर कोइमतूरच्या एक बाई होत्या. चाळिशीच्या, सतत कपाळाला आठी, हिंदी मोडकीतोडकी, मराठी शून्य. दोन्ही कंपन्यांचा सक्त नियम होता की एकमेकांच्या माणसांशी तांत्रिक बोलायचं ते फक्त ठरलेल्या ईमेलवर, वकिलांना प्रत देऊन. असं एक ईमेल जाऊन उत्तर यायला तीन आठवडे लागत आणि उत्तरात 'नियमावलीप्रमाणे' एवढंच असे. मीटिंग संपल्यावर मी फाटकाबाहेर रिक्षा शोधत होते, तर समोरच्या चहाच्या टपरीवर हे दोघे. साहेबांनी मला हाक मारली. "लेखिकाबाई, या. साक्षीला बसा. आज आद्याक्षरं बंद. जो आद्याक्षर बोलेल तो पुढचा चहा सांगेल." हेच इंग्रजीत सांगितल्यावर बाई पहिल्यांदाच हसल्या. त्यांच्यावर एकामागून एक तीन चहा पडले. मग त्या हळूहळू साधं बोलायला लागल्या. हात हलवत, टेबलावर बोटाने पाण्याच्या रेघा ओढत. साहेब विचारत होते, "तुमचा सेट सिंक झाला, म्हणजे त्याने काय केलं?" त्या म्हणाल्या, त्याने समोरच्याला नमस्कार केला आणि समोरच्याचा नमस्कार परत आला. साहेबांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे सिंक म्हणजे नुसतं घड्याळ जुळवणं. आमचा सेट घड्याळ जुळलं की हिरवा दिवा लावून थेट बोलायला सुरुवात करायचा. त्यांचा सेट नमस्कार झाल्याशिवाय ना कान उघडत असे, ना तोंड. नियमावलीत लिहिलं होतं की नमस्कार 'करता येईल'. आम्ही वाचलं, नाही केला तरी चालेल. त्यांनी वाचलं, केलाच पाहिजे.

चार महिने आणि मचवाभर माणसं, एवढ्यासाठी! मला हसू आलं नाही. फार थकवा आला. साहेबांना मात्र कोण आनंद. ते बाईंना विचारत होते, नमस्कार किती लांबीचा, कुठल्या क्षणी, परत किती वेळात. बाई सांगत होत्या. दोघांनाही ठाऊक होतं की ह्यातलं प्रत्येक वाक्य नियमाबाहेरचं आहे.

पंधरवड्यात आमच्या प्रयोगशाळेत आमचा सेट नमस्कार करायला शिकला. संचालक खूश. त्यांनी सगळ्यांसमोर कौतुक करत विचारलं, "पण त्यांच्या नमस्काराची रचना तुम्हाला कळली कशी?"

"विचारलं," साहेब म्हणाले.

"कुणाला?"

"त्यांना."

खोलीत गारठा पसरला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, अंदाज केला, प्रयोग केला. साहेबांना खोटं वेळेवर सुचतच नसे. वकिलांनी नाव विचारलं, तेव्हा मात्र त्यांनी सांगितलं नाही. "विचारणारा मी. लिहायचं ते माझ्यावर लिहा." हे एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. कंपनीने त्यांना स्वेच्छेने जायला सांगितलं. "स्वेच्छेने म्हणजे कुणाच्या?" त्यांनी विचारलं. संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. साहेबांनी पहिल्यांदाच उत्तराची वाट न बघता चष्मा घातला आणि सही केली. त्या सहीत असंही होतं की त्या दुसऱ्या कंपनीच्या कुणाशीही ते यापुढे कधी संपर्क ठेवणार नाहीत.

दुसरी चाचणी थंडीत झाली. मचवा तोच, नाखवा तोच, मीही होते. गच्चीवर कोइमतूरच्या बाई. सेट सुरू झाला, दिवा लागला, आणि क्षणभराने त्यांचा आवाज आला, कानाशी बसून बोलल्यासारखा स्वच्छ. ठरलेली वाक्यं झाली, आकडे झाले, अधिकाऱ्यांनी मान डोलावली. बंद करायच्या आधी सेटमधून पुन्हा आवाज आला. एकेक शब्द सुटा, कुणाकडून तरी पाठ करून घेतलेला. "साहेबांना... सांगा. नीट... ऐकू येतंय." हे ठरलेल्या वाक्यांत नव्हतं. सेटवर असं बोलणं हा गुन्हाच. अधिकाऱ्यांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी मी वडाळे तळ्याजवळच्या साहेबांच्या घरी गेले. ते गॅलरीत बसून मोड आलेले वाल सोलत होते. वहिनी म्हणाल्या, "बघा, आता ही नोकरी लागलीय त्यांना." मी सगळं सांगितलं. त्यांनी सोलणं थांबवलं.

"दोन्हीकडून ऐकू आलं?"

"दोन्हीकडून."

"त्या बाईंना तिकडे काही त्रास नाही ना झाला?"

"नाही. चाचणीला त्याच होत्या." मग मी त्यांना ते शेवटचं वाक्य सांगितलं, त्या जसं बोलल्या तसं, मधे थांबत थांबत. साहेब तळ्याच्या दिशेने बघत राहिले. बगळे परतायची वेळ होती. वहिनी आत जाऊन दिवा लावून आल्या. मग म्हणाले, "लेखिकाबाई, मला तर बंदी आहे. तुम्ही त्यांना एक निरोप द्याल? म्हणावं, पोचलं."

मी हो म्हटलं. त्यानंतर सेट मंजूर झाले, सीमेवर कुठेतरी गेलेही. आणखी चाचणी लागली नाही, त्या बाई पुन्हा इकडे आल्या नाहीत. त्यांना काही कळवायचं तर ठरलेलं ईमेल, दोन्हीकडच्या वकिलांना प्रत देऊन. मी ते एक-दोनदा उघडलं. 'पोचलं' एवढंच लिहिलं आणि पुसलं. सेट आता रोज एकमेकांशी बोलतात म्हणे. निरोप अजून माझ्यापाशीच आहे.